न मोजलेल्या मेंढरांची अमेरिका मोहीम

श्रीबिरोबा प्रसन्न. सांगोला प्रांतीचे मेंढपाळ, हल्ली वस्ती शुक्रवार पेठ, कसबे सोलापूर, राजमान्य राजश्री शहाजीराव व त्यांचे कुटुंब, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, अखंडितलक्ष्मीअलंकृत विजयमालाबाई, या उभयतांनी अमेरिकेच्या व्हिसाकारणे जो पराक्रम केला, तो आम्ही जैसा ऐकिला तैसा, तिखटमीठ बेताचेच लावून लिहितो.

कारण ऐसे की कन्या पूनम तिकडे नांदत होती, तिजला दिवस गेलेले, पहिलटकरीण, आणि जवळ मायेचे कोणी नाही. मग बाईसाहेबांनी तीन महिन्यांच्या स्वारीचा बेत मुक्रर केला. बाईसाहेबांचा खजिना मातब्बर: पेन्शन, मुदतठेवी, फ्लॅटचे भाडे. रावांचे बँकखाते मात्र पडीक रान. त्यांची दौलत चार पायांवर माळाने हिंडत होती, बंधू बिरदेव यांचे हवाली. मग अर्जात सवाल आला की प्रवासाचा खर्च कोण करणार, आणि बाईसाहेबांनी क्षणाचाही विलंब न लाविता 'पत्नी' ऐसे टंकिले, आणि रावांच्या मिशीस मोठी नामोष्की जाहली. सकाळी जेवले नाहीत. रात्री शेंगाचटणी पाहून जेवले.

मग एजंट अनिमेष यांनी मसलत दिली की मेंढरांची गणती करून किमतीचा दाखला जोडावा, म्हणजे रावांचीही बाजू भक्कम होईल. त्यावर रावांचे फर्मान सुटले, "मेंढरं मोजायची नस्त्यात. दृष्ट लागती. आमच्या आज्यानं मोजली न्हाईत, मी बी मोजनार न्हाई." बाईसाहेबांनी समजाविले, दटाविले, माहेरची थोरवी ऐकविली, तरी किल्ला पडेना. मग दाखल्यावाचूनच मुंबईस कूच जाहले.

वकिलातीत काचेआड गोरे साहेब, शेजारी दुभाषी. साहेबांनी बाईसाहेबांची कागदांची तटबंदी न्याहाळिली आणि पुसिले की नोकरी सरली, लेक अमेरिकेत, पैसा मुबलक. मग माघारी कशास याल? ज्यांनी हयातभर पोरांस प्रश्न घालून घाम फोडिला, त्या बाईसाहेब मुदतठेवींचे कागदच पुन्हा काचेपुढे धरू लागल्या. लेक एकटीच बाळंत होणार ऐसे दिसो लागले. इतक्यात साहेबांनी रावांकडे मोहरा वळविला: मेंढरे किती?

कोणताही आकडा ठोकिता आला असता.

"मोजत न्हाई, साहेब."

बाईसाहेबांनी डोळे मिटिले. साहेबांनी पुसिले, मग एखादे हरविले तर कळते कैसे?

"घरातली मानसं मोजतंय व्हय कुनी? एक नसलं की कळतंय की! आन तीन म्हयने काय आमाला जमायचं न्हाई. तीन आठवडं लई झालं. फुडं लोकर कातरायची हाय. हिला घिऊनच माघारी येनार. हिच्याबिगर मला भाकरी गिळत न्हाई."

दुभाषी सांगता सांगता हसला, मग साहेब हसले, आणि उभयतांस व्हिसा मंजूर जाहला.

बाहेर येताच बाईसाहेब कडाडल्या की आम्ही तीन महिन्यांचा मुलूख मागितला, तुम्ही तीन आठवड्यांवर तह केलात. आणि कडाडता कडाडता रावांचा हात जो धरिला, तो टॅक्सी मिळेतो सोडिला नाही. मग लेकीस फोन लागला. "आबा, खरंच येताय?" ऐसे तिने पुसिले. राव 'व्हय' इतुके म्हणाले.

शके १९४७, माघमासी मोहीम फत्ते जाहली, ऐसे दप्तरी दाखल. साहेबापुढे न नमलेले राव लेकीच्या एका सवालाने भर रस्त्यात रडले, हेही दाखल.