आग्नेसच्या तीन ओळी

सद्वर्तनासारखा इतिहासाचा दुसरा शत्रू नाही. हे सत्य हाती यायला मला अकरा वर्षं, दोन चष्मे आणि चर्चच्या दफ्तरखान्यातली एक खुर्ची लागली (खुर्ची मोडकीच होती, असं मी लेखी कळवलं आहे).

माझी सात पिढ्यांमागची आजी आग्नेस रेफूस १७३१ साली आमच्याच गावात जन्मली. नोंदवह्यांत तिच्यावर एकूण तीन ओळी: बाप्तिस्मा, लग्न, दफन. नऊ बाळंतपणं झाली, पण ती नवऱ्याच्या नावावर आहेत.

उलट समोरच्या एबरहार्टची पूर्वज रोझिना. तिच्यावर चौदा पानं. त्या काळी पाद्री, पाटील आणि दोन वडीलधारे दरमहा बसून गावकऱ्यांचं वागणं तपासत आणि लिहून ठेवत. रोझिनाने रविवारी मोजे विणले (रंगासकट नोंद आहे, तो पुढे येईलच), ती प्रवचनात हसली, तिने चर्चच्या बाकावरून शेजारणीला ढकललं आणि पाद्रीबुवांना बैल म्हटलं. एबरहार्ट दरवर्षी ग्राम-इतिहास मंडळात ही पानं वाचतो आणि टाळ्या घेतो, जणू बैल त्यानेच म्हटलं.

यंदा पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी मंडळाच्या सभेत अर्धा तास मी मागून घेतला होता. तीन ओळी कितीही सावकाश वाचल्या तरी पाऊण मिनिटात संपतात (घड्याळ लावून पाहिलं). तेव्हा आजीच्या हातून एखादं पाप घडलेलं असू दे, अशी मी रोज प्रार्थना करू लागलो. चोरी चालली असती. लफडं निघालं तर सोन्याहून पिवळं. दफ्तर सांभाळणाऱ्या बाईंनी सगळं धुंडाळलं आणि पडल्या आवाजात म्हणाल्या, "नाही हो, काहीच नाही. वाईट वाटतं."

शेवटी मी रोझिनाची मूळ पानंच मागवली. समासात बारीक अक्षर होतं, ते एबरहार्टने कधी वाचलंच नव्हतं: 'तक्रारदार, आग्नेस रेफूस.' चौदा पानांत एकवीस वेळा. सव्वीस वर्षं खिडकीच्या झडपेआड उभी राहून माझ्या आजीने शेजारणीवर लक्ष ठेवलं होतं. माझा ऊर भरून आला. मग, खरं सांगतो, लाज वाटली.

घरी बायको हिल्ट्रूड मसूर निवडत होती. मी सापडलेलं सगळं सांगितलं. तिने मान वर न करताच विचारलं, "एबरहार्टने शनिवारी नियमाप्रमाणे दारापुढचा रस्ता झाडला नाही, म्हणून ग्रामकचेरीला पत्र कोणी लिहिलं?"

"मी. पण तारखांसकट लिहिलं."

"मग अकरा वर्षं कशाला घालवलीस? मला विचारायचंस."

सोमवारी मी चौदाही पानं समासासकट वाचली. एबरहार्ट उठला, जवळ आला आणि त्याने माझा हात धरला. "तुझी आजी नसती," तो म्हणाला, "तर माझीलाही तीनच ओळी मिळाल्या असत्या."

रस्ता त्याने अजून झाडलेला नाही. कचेरीला स्मरणपत्र गेलं आहे.

मोज्यांचा रंग तेवढा सांगायचा राहिला. तुम्ही मघापासून त्याचीच वाट पाहत आहात, हे मला ठाऊक आहे. तुमची वंशावळ पाठवून द्यावी. आपण नातेवाईक निघू.