गार्डची दाढ

सासरे सहलीला तयार झाले, मग भले तोंड वाकडे करून का होईना, यातच डॉक्टरला सगळे भरून पावले होते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. आयुष्यभर त्यांनी अख्ख्या शहराचे पाणी सोडले आणि बंद केले. आता दिवसभर खुर्चीत बसून ते घरच्यांच्या चुका काढत. जावयाच्या चुका काढताना तर त्यांना विशेष हुरूप येई. जावई दातांचा डॉक्टर. दवाखान्यात दिवसभर माणसे त्याच्यापुढे निमूट तोंड उघडत, पण घरी सासऱ्यांपुढे त्याचे स्वतःचे तोंड उघडत नसे.

"बाबांना यंत्रांचं वेड आहे," बायको म्हणाली होती. "त्यांना डोंगरातल्या त्या छोट्या गाडीतून फिरवून आणू या. वाफेचं इंजिन बघून तरी खुलतील."

ती गाडी एके काळी खाणीतला दगड वाहायची. खाण बंद पडली, रूळ गंजले, तेव्हा काही हौशी मंडळींनी समिती काढून, सुट्टीच्या दिवशी हात काळे करून ती पुन्हा चालू केली होती. रूळ अरुंद, डबे बुटके, आणि समोरासमोरच्या बाकांत अंतर असे की डॉक्टरचे गुडघे थेट सासऱ्यांच्या गुडघ्यांत.

"पाय आवरा," सासरे म्हणाले.

आवरायला जागाच नव्हती, तरी डॉक्टरने आवरल्यासारखे केले. गाडी धापा टाकत चढाला लागली.

"हिच्यापेक्षा चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो," सासरे म्हणाले. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. त्यांचा डबा शेवटचा. त्याच्या मागच्या टोकाला गार्ड उभा होता आणि गार्डच्या शेजारी लोखंडी दांड्यावर एक मोठे चाक. "ते चाक कशाचं हो?"

"हातब्रेक," गार्ड गाल धरून म्हणाला. त्याचे कापडाचे दुकान होते. गार्ड तो फक्त रविवारचा. "पुढे उतार लागतो, तेव्हा मागून आवळून धरावा लागतो."

सासऱ्यांनी चाकाकडे असे पाहिले की डॉक्टरला आशा वाटू लागली.

मधल्या थांब्यावर इंजिनाने पाणी घेतले. पाय मोकळे करायला उतरलेली माणसे शिटी होताच डब्यांत चढली. डॉक्टर मात्र गुडघ्यांना शेवटपर्यंत विश्रांती द्यावी म्हणून खालीच रेंगाळला. तेवढ्यात झेंडी दाखवायला उतरलेला गार्ड कळवळून डब्याला टेकला.

"दाढ?" डॉक्टरने विचारले.

"जीव नकोसा केलाय हिने. तुम्हाला कळतं का यातलं?"

"माझा धंदाच तो. बघू, आ करा."

"हे धरा मग जरा," म्हणत गार्डने दोन्ही झेंड्या त्याच्या हाती दिल्या आणि आ वासला. डॉक्टरने लाल झेंडी काखेत मारली, हिरवी डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताचे बोट गार्डच्या तोंडात घातले. आत काळोख होता.

"मान वर करा. अजून वर. अजून," असे म्हणत त्याने सवयीप्रमाणे डावा हात वर-वर हलवला.

इंजिनाच्या चालकाने मागे वळून पाहिले. गार्डच्या जागी हिरवी झेंडी हलत होती, आणि तीही नेहमीपेक्षा जास्त उत्साहाने. त्याने शिटी दिली आणि गाडी सोडली.

"आ-ई," गार्ड म्हणाला. "आ-ई, आ-ई."

"दुखणारच. थोडं सोसा. कीड आतपर्यंत गेलीय."

गार्डने दोन्ही हातांनी डॉक्टरचे बोट बाहेर ओढले. "आई नाही हो, गाडी. गाडी गेली."

डॉक्टर वळला. शेवटचा डबा डुलत डुलत चालला होता आणि खिडकीतून बायको त्याच्याकडे आश्चर्याने पाहत होती.

"वरच्या वळणानंतर उतार आहे," गार्ड म्हणाला. त्याचा दुखरा गाल सोडून बाकीचा चेहरा पांढरा पडला होता. "मागच्या ब्रेकला माणूस हवा. पळा."

दोघेही रुळांच्या कडेने पळत सुटले. गार्डच्या दाढेला प्रत्येक पावलागणिक झटका बसू लागला, तसा तो खाली बसला आणि त्याने गळ्यातली शिटी काढून डॉक्टरकडे फेकली. "तुम्ही व्हा पुढे. वाजवत राहा."

डॉक्टर वाजवत पळाला. शिटी ऐकून गाडीतल्या माणसांनी खिडक्यांतून डोकी काढली. काखेत झेंडी, हातात झेंडी, तोंडात शिटी असा एक गृहस्थ गाडीमागे धावतो आहे हे पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनाच्या धडधडीत चालकाला यातले काहीच ऐकू गेले नाही. पण चढ डॉक्टरच्या बाजूने होता. हळूहळू तो खिडकीशी पोचला.

"अहो, तुम्ही खाली काय करताय?" बायकोने विचारले.

"बाबांना सांग... चाक... ब्रेक..."

"बाबा, हे काहीतरी चाकाचं म्हणताहेत."

सासऱ्यांनी खिडकीतून वाकून पाहिले. "फिरवायचं कुठल्या बाजूला?"

"मला... काय... माहीत?"

"माहीत नसताना सांगायला येता कसे?" सासरे म्हणाले आणि उठले. "चाक आहे, तर उजवीकडेच आवळणार. जगातला कुठलाही व्हॉल्व्ह घ्या."

ते चाकाशी गेले. बाह्या दुमडल्या. दोन्ही हात चाकावर ठेवून त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मग ते बेताबेताने फिरवायला सुरुवात केली.

"बाबा, जरा लवकर," बायको म्हणाली. "ह्यांना दम लागलाय."

"एकदम आवळलं की लाइन फुटते. धावू दे त्यांना."

डॉक्टर धावला. चाके किरकिरली, डब्याने आचका दिला, चालकाला मागून कुणीतरी ओढून धरल्यासारखे झाले आणि वळणाच्या जरासे अलीकडे गाडी थांबली. डॉक्टर रुळांच्या कडेलाच आडवा झाला. मागून गार्ड गाल धरून येऊन पोचला, आणि पुढचा प्रवास रीतसर पार पडला.

शेवटच्या स्टेशनावर समितीच्या अध्यक्षबाई वाट पाहत उभ्या होत्या. चालकाने त्यांना सगळे सांगितलेले दिसत होते.

"धावणारे गृहस्थ तुम्हीच का?" त्यांनी विचारले.

"हो. चूक झाली माझी," डॉक्टर म्हणाला.

"आणि ब्रेक?"

"तो मी लावला," सासरे पुढे होऊन म्हणाले. "त्यात चूक असेल तर दाखवा."

अध्यक्षबाईंनी त्या दोघांना बाजूला घेतले. "नियमाप्रमाणे मी तुम्हाला गाडीत पुन्हा पाऊल ठेवू द्यायला नको. पण एरवी लोक इथे येतात, फोटो काढतात आणि जांभया देत परत जातात. आज पहिल्यांदा सगळे विचारताहेत, की ते गार्ड मागे राहण्याचं नाटक फार छान बसवलंय, दर रविवारी असतं का?"

डॉक्टरला त्यांच्या म्हणण्याचा रोख कळायच्या आत सासरे म्हणाले, "असतं."

आता दर रविवारी सासरे सगळ्यांच्या आधी तयार होऊन गाडीच्या दाराशी उभे असतात. चालकाला आता सगळे ठाऊक असते, गार्डची दाढही कधीच ठीक झाली आहे. फक्त डॉक्टर तेवढा खरोखर धावतो. मोटारीने घरी परतताना सासरे मागच्या सीटवर बसून त्याच्या कामातल्या उणिवा सांगतात. शिटी उशिरा तोंडात घातलीत. आज घाबरलेले वाटला नाहीत.

मागच्या रविवारी बायकोने मध्येच विचारले, "बाबा, तुम्ही ब्रेक दर वेळी जरा जास्तच उशिरा लावता, नाही का?"

सासरे खिडकीबाहेर पाहत होते.

"धावतात छान हो ते," ते म्हणाले. "लगेच थांबवावंसं वाटत नाही."