गजभिये सरांच्या फाटकाची कडी

आमच्या शेजारचे गजभिये सर स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरण्याआधी दारावर टकटक करतात. आत कोणी नसतं. त्यांची बायको सुलोचना कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, मुलगा हैदराबादला असतो, घरात सर एकटेच. तरी टकटक करायची, क्षणभर थांबायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ताई, स्वयंपाकघर राज्यसूचीत येते. केंद्रानं तिथं न सांगता घुसाचं नाही."

सरांनी कामठ्याच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय इतिहासाच्या शेपटीला बांधलेला, मुलं तो परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. शाळेत कोणी मनावर घेत नाही म्हटल्यावर सरांनी अख्खी राज्यघटना घरी आणून लागू केली.

"कायदा करणारा वेगळा, राबवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा. सगळं एकाच्याच हाती गेलं का मानूस माजते," हे त्यांचं पेटंट वाक्य. त्यानुसार सुलोचना विधिमंडळ झाली. सर कार्यपालिका झाले, म्हणजे गव्हाचं दळण आणणे, टाकी भरणे आणि सिलेंडर बदलणे ही खाती त्यांच्याकडे आली. राहिली न्यायपालिका. ती माझ्या गळ्यात पडली. मी कपडे शिवते, आणि "जे बाई दोन्ही बाजूनं माप घेते तेच न्याय देऊ शकते" असं सरांचं म्हणणं. शिवाय आमच्या दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढीच आहे, त्यामुळे खटला माझ्यापुढे येण्याआधीच मी तो पूर्ण ऐकलेला असायचा.

पहिला खटला पंख्याचा होता. दुपारी सर झोपले की सुलोचना पंखा बंद करायची, कारण तिची निवडलेली डाळ उडायची. सर म्हणाले, झोप हा मूलभूत हक्क आहे. मी निकाल दिला की हक्क मान्य, पण वाजवी निर्बंधांसह, पंखा दोनवर. दोघंही नाराज झाले. सर म्हणाले, "दोघंही नाराज म्हणजे निकाल बरोबर."

टीव्ही समवर्ती सूचीत होता. तिथं तंटा झाला तर केंद्राचं चालतं, असं सरांनी सांगून पाहिलं. सुलोचना भाजी चिरता चिरता म्हणाली, "केंद्र तुम्हीच राहा ना. पन जेवण राज्य देऊन राहिलं, हे ध्यानात ठेवा." त्यानंतर रिमोट तिच्याकडेच राहिला.

कुडव्याच्या बाजारात तर सरांना सगळे ओळखून आहेत. भाजीवाल्यानं एकदा दोडक्यांसोबत कारलीही पिशवीत कोंबायला घेतली, तेव्हा सरांनी त्याला व्यक्तिस्वातंत्र्य समजावून सांगितलं. मागे रांग लागली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "सरजी, आपको करेला लेना है कि केस लड़ना है?"

पण स्वातंत्र्याच्या बाबतीत माणूस बोलघेवडा नाही, हे मी पाहिलंय. मुलानं इंजिनिअरिंग सोडून हॉटेलात स्वयंपाकी व्हायचं ठरवलं तेव्हा नात्यातली माणसं जीप भरून आली. सर एवढंच म्हणाले, "अठरा पूर्ण झाले त्याले. विषय संपला." मुलगा गेला. पुढे एकदा माझ्याकडे सदऱ्याची बटणं लावून घ्यायला आले असताना सर सहज बोलले, "स्वातंत्र्य देल्लं का पोरगं दूर जाते, हे पुस्तकात कुठी लिहिलं नाही, ताई."

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, सुलोचना गेल्यावरही घटना तीच राहिली. मग यंदा आमच्या गल्लीत एकानं सहा शेळ्या घेतल्या.

सरांच्या फाटकाला कडी कधीच नसते. दिवसा नाही, दिवेलागणीला नाही. शेळ्या त्यांच्या फाटकातून आत येतात, विहिरीपाशी आमची भिंत संपते तिथून वळतात आणि माझा वाल खातात. पंधरा दिवसांत वेल बुडख्यापर्यंत आला. वांगीही गेली. मी भिंतीशी उभी राहून म्हटलं, "सर, कडी लावत जा."

"मले तो अधिकार नाही, ताई. मी कार्यपालिका आहो. कायदा विधिमंडळाचा हाय."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ठीक आहे. मग न्यायपालिका म्हणून मी तो कायदा आजच रद्द करते."

सरांचा चेहरा उतरला. पण तत्त्वाला धरून बोलले, "करा. तो अधिकार तुमचा हाय. फक्त आधी कायदा वाचून घ्या."

ते आत गेले. टकटक ऐकू आली. परत आले ते एक जुनं कॅलेंडर घेऊन. त्याच्या पाठीमागे सुलोचनानं घरातले नियम लिहून ठेवले होते. डाळीचा, पंख्याचा, चपलांचा. सरांनी बोट ठेवलं तिथं लिहिलं होतं, 'मी घरी येईपर्यंत फाटकाला कडी लावायची नाही. माझे हात भरलेले असतात.'

ती दवनीवाड्याच्या उपकेंद्रात नर्स होती. स्कूटीला लसींचा डबा, पिशव्या, कोणी बाळंतिणीच्या घरून दिलेला भाजीपाला. येण्याची वेळ कधीच ठरलेली नसायची. त्या उन्हाळ्यात तिला ताप आला, नागपूरला नेलं, आणि तिथून तिला घरी आणू दिलं नाही. त्या वेळी कोणालाच देत नव्हते. ज्या फाटकातून ती "येतो" म्हणून अँब्युलन्सकडे चालत गेली, ते हेच.

मी ती ओळ दोनदा वाचली. कायद्यात कुठेच पळवाट नव्हती.

"निकाल राखून ठेवते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी माणूस बोलावून विहिरीपाशी तारेची जाळी मारून घेतली. सर चष्मा लावून बघायला आले. जाळी हलवून पाहिली. मग अगदी हळू विचारलं, "निकाल?"

"कायदा वैध आहे," मी म्हटलं. "निर्बंध फक्त शेळ्यांवर."

सरांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चहा घ्याल का, ताई? थांबा, विचारून येतो."

आणि आत जाऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर टकटक केली.