तिसऱ्या आग्रहाचे आप्पा

आमच्या आप्पांना काहीही विचारा, पहिलं उत्तर 'नको'. दुसऱ्यांदा विचारलं तरी 'नको'. तिसऱ्यांदा विचारलं की मग, "आता एवढं म्हणताय तर द्या." त्यांच्या मते पहिल्याच हाकेला ताट पुढे करणारा माणूस अधाशी आणि दोनदा विचारून थांबणारा कंजूष.

दुष्काळात ही रीत फार महागात पडायची. एकदा बजाजनगरात आमच्या गल्लीत टँकर आला. टँकरवाल्याने पाइप हातात धरून विचारलं, "आजोबा, भरायचं का?"

"नको नको, बाकीच्यांचं होऊ द्या."

टँकरवाला बिचारा संस्कारांत कमी पडला. तो निघून गेला. आप्पा दोन दिवस बिनअंघोळीचे राहिले, पण रीत पाळल्याचं तेज चेहऱ्यावर होतं.

आप्पा वाळूजच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढपी होते. मी फर्दापूरकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलो आणि त्यांच्याकडे भाड्याने राहिलो. गावाकडे पीक गेलं, माझी खाणावळ सुटली, तेव्हा आप्पांनी आणि काकूंनी मला दोन वर्षं जेवू घातलं. घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्या भाकरीवर. म्हणून नोकरी लागल्यावर ठरवलं, आप्पांना शहरातल्या सगळ्यात भारी हॉटेलात एकदा पोटभर जेवू घालायचं. काकू तोवर गेल्या होत्या.

"नको रे ग्रॅज्वेट," आप्पा म्हणाले. मी आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्या वेळी कळलं, सदऱ्याला इस्त्री आधीच झाली होती.

हॉटेल बीड बायपासला, परवापर्यंत ज्वारी उभी होती तिथं. आता तिथं काचेच्या भिंतीवरून शोभेचं पाणी ओघळत होतं. काळ्या कोटातल्या वेटरने अदबीने विचारलं, "सर, पाणी कोणतं देऊ?"

आप्पांनी मला दबक्या आवाजात विचारलं, "हितं नळाला आज आलंय व्हय?"

मग बशी आली. बशी परातीएवढी. मधोमध पनीरचा एक तुकडा, त्यावर एक पान, बाजूला हिरव्या चटणीची रेघ, बहुधा तुकडा हरवू नये म्हणून.

"वाढणाऱ्याचा हात लई आखडता हाय," आप्पा म्हणाले.

"रोटी, सर?"

"नको."

"डाळ? राइस?"

"नको नको."

वेटर उच्च प्रशिक्षित होता. गिऱ्हाइकाचा शब्द शेवटचा, असं त्याला शिकवलेलं. रोटी गेली, डाळ गेली, भात गेला. प्रत्येक वेळी तो "थँक यू सर" म्हणायचा आणि आप्पा, बस चुकलेला माणूस बसकडे पाहतो तसे त्या भांड्यांकडे पाहायचे.

मी घाबरलो. ज्यांनी मला दोन वर्षं खाऊ घातलं त्यांना मी उपाशी घरी नेणार होतो. म्हटलं, "आप्पा, इथं एकदाच विचारतात. हवं ते मागून घ्या."

"मागायचं?" आप्पा दचकले. मग बशीतलं पान बाजूला सारत म्हणाले, "घरी बी आता तसंच हाय की. तुझी काकू गेल्यापासून दुसऱ्यांदा कोण विचारतंय? मीच वाढतो, मीच बास म्हणतो, अन् पातेलं झाकून ठेवतो."

त्या घरात मी शेकडो वेळा जेवलो. आप्पा उभं राहून वाढायचे, मी खायचो. आप्पांना मी एकदाही वाढल्याचं आठवत नव्हतं.

मी डाळ-भात परत मागवला आणि खुर्चीवरून उठून वेटरच्या हातातून भांडं घेतलं.

"सर, आम्ही वाढतो ना," तो कुजबुजला. शेजारच्या टेबलावरची मंडळी काटे-चमचे थांबवून बघू लागली.

आप्पांनी बशीवर हात आडवा धरला. मी तो अलगद बाजूला केला आणि वाढलं. मग पुन्हा वाढलं. आप्पांनी मान खाली घातली, चमचा बाजूला ठेवला आणि हाताने भात कालवायला लागले. बराच वेळ नुसतेच कालवत राहिले. मग जेवले.