एका घराची पाच घरं

नगरपालिकेत पाच खाती होती आणि प्रत्येक खात्याची स्वतंत्र, छोटीशी डेटाबेस फाईल होती: घरपट्टी, पाणी, कचरा, परवाने आणि आपत्ती-मदत. या पाचांची मिळून एकच फाईल करावी, एकही नोंद गाळू नये आणि काम शनिवारपर्यंत उरकावे, असा आदेश निघाला. काम चोख झाल्यास कंत्राटी संगणकवालीला कायम करण्यात येणार होते.

संगणकवाली एकेक नोंद उचलत बसली नाही. तिने आधी नोंदी शोधायच्या सूची काढून ठेवल्या, पाचही फायली एकगठ्ठा ओतल्या आणि शेवटी एकदाच नवी सूची बांधली. चार मिनिटांत काम फत्ते! मग घर क्रमांक जुळवून पाहिले, आणि तिथेच माशी शिंकली. एकच घर घरपट्टीत दोन खोल्यांचे होते, पाण्यात नऊ माणसांचे, कचऱ्यात कुलूपबंद, परवान्यात तीनमजली आणि मदतीत पडके. सगळ्या गावाची हीच तऱ्हा होती.

ती साहेबांकडे गेली. "साहेब, यातली खरी नोंद कोणती धरू?"

"खाली सही आहे?"

"पाचही ठिकाणी. 'वरील माहिती सत्य आहे' म्हणून."

"मग पाचही सत्य. सही करणाऱ्या नागरिकाला खोटं ठरवणारे आपण कोण?"

"पण एकच घर पडकं आणि तीनमजली कसं असेल?"

"एक नसेलच," साहेब शांतपणे म्हणाले. "पाच असतील. वेगळे क्रमांक द्या."

तिने सांगितले नव्हते, पण ते घर तिचेच होते. संध्याकाळी तिने वडिलांना गाठले.

"बाबा, आपल्याकडे नऊ माणसं कधीपासून राहतात?"

"तुला अंघोळीला पाणी पुरतं ना? मग मोज नऊ."

"आणि मी खरी तेवढीच नोंद ठेवली तर?"

"ठेव की! बाकीच्या चार गाळल्यास म्हणून तुलाच गाळतील."

"आणि पाणी तोडलं, तर भांडी तूच घासायची हं," आतून आई म्हणाली.

संगणकवालीने क्रमांक दिले. शनिवारी दुपारी गाव पाचपट झाले. नगरपालिकेची महापालिका झाली, साहेब आयुक्त झाले आणि संगणकवाली कायम झाली. तिचे पहिले कायमस्वरूपी काम म्हणजे घरोघर पत्र पाठवणे: 'आपल्या पाच घरांपैकी आपण प्रत्यक्षात कोणत्या घरात राहता, ते कळवावे.'

असे पत्र तुमच्याकडेही येईल. तुम्ही सरळमार्गी माणूस. खरे तेच लिहाल. फक्त लिहिण्याआधी पाकीट उलटून बघाल, की विचारलंय कोणत्या खात्यानं.