तीन, पाच आणि पंधरा

शाळेची घंटा कॉम्प्युटरवर आणल्यापासून तिथले कॉम्प्युटर बघणाऱ्या नव्या तरुणाचा भाव भलताच वधारला होता. तास बदलला की एक टोल, मधली सुट्टी झाली की दोन, शाळा सुटली की तीन. सगळं त्याच्या प्रोग्रामने वाजायचं. घंटा चालू-बंद करायचं भिंतीवरचं जुनं बटणसुद्धा त्याने मोठ्या ऐटीत काढून टाकलं होतं. सोमवारी नोकरी कायम व्हायची होती, म्हणून आज स्वारी घरी बसून हात साफ करत होती.

हुकूम अर्थात ताईचा. ती मोठ्या कंपनीत प्रोग्रामर. भावाचं काम बघून तिने कपाळावर हात मारला होता. "अरे, फाइलींची नावं तरी बघ! शेवटची, खरंच शेवटची, आता नक्की शेवटची! रोज एक छोटा सराव करायचा. आणि प्रत्येक बदल टिपण लिहून वेगळा साठवायचा, समजलं?"

आजचा सराव म्हणजे पोरखेळ होता. एकपासून मोजत जायचं. तीनने भाग गेला की एक खूण, पाचने गेला की दोन, दोन्हींनी गेला की तीन. खुणा म्हणून या पठ्ठ्याने घंटेचे तयार टोल उचलले. घरी कुठे आलीय घंटा! मिनिटाला एक आकडा ठरवून त्याने प्रोग्राम सोडला आणि चहा ठेवायला गेला.

सहाव्या मिनिटाला मुख्याध्यापिकांचा फोन.

"अहो, काय चाललंय हे? तिसऱ्या मिनिटाला तास बदलला, पाचव्याला सुट्टी! मुलांनी डबे उघडले तोवर परत तास! चित्रकलेच्या बाई मैदानावर आणि खेळाचे सर रंगपेटी घेऊन बसलेत!"

उचललेले टोल शाळेच्या यंत्राला जोडलेलेच होते. सरावाचा प्रोग्राम थेट शाळेतल्या यंत्रावर जाऊन बसला होता. लॅपटॉप बंद करूनही उपयोग नव्हता.

"बाई, बटण दाबून बंद करा ना!"

"बटण तुम्हीच काढलंत!"

म्हणजे पंधराव्या मिनिटाला तीन टोल. आठशे पोरं फाटकाबाहेर, न्यायला आईबाप नाहीत. नोकरी गेली खड्ड्यात, एखादं पोर हरवलं तर? दुसऱ्या फोनवर त्याने ताईला गाठलं.

"ताई, मेलो गं!"

"नंतर मर. प्रत्येक बदल साठवलायस ना?"

"हो."

"शेवटचं टिपण वाच."

"'सराव सुरू.' त्याच्या आधी, 'घंटा व्यवस्थित चालते.'"

"मग त्या आधीच्यावर परत जा आणि शाळेत पाठव. पळ!"

घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तेवढ्यात बाराव्या मिनिटाचा टोल फोनमधून ऐकू आला. चौदाव्याला त्याने जुना प्रोग्राम शाळेत पाठवला आणि डोळे मिटून घेतले.

पंधरावं मिनिट. चिडीचूप. आणि मग पोरांचा प्रचंड गलका.

"बाई, वाजली का हो?"

"नाही वाजली! पण पाचवीचा अख्खा वर्ग दप्तरं पाठीला लावून दारात उभा आहे. 'पंधरा झाले, तीन टोल कुठायत?' म्हणून माझ्याशी भांडतायत!"

"जिंकलो, ताई!" तो स्वयंपाकघरात नाचायलाच लागला.

"थांबा," बाई म्हणाल्या, "गणिताचे सर फोन ओढून घेतायत. तुमच्या कायम नोकरीच्या कागदावर आत्ताच सही करा म्हणून माझ्या मागे लागलेत."

सर फोनवर आले. "अहो, दोन महिने घसा फोडून भाग जाणारे आकडे शिकवतोय, एकाच्या डोक्यात शिरेल तर शपथ! आज कार्ट्यांनी आपणहून शोधून काढलं. उद्या चार आणि सातचं लावाल का? म्हणजे तीन टोल पडतील..."

सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून चाळीस गळे ओरडले,

"अठ्ठाविसाव्या मिनिटाला!"