कलत्या कवडीचा फैसला

ज्या खेळाचा निकाल आधीपासून ठाऊक नसतो, त्या खेळात भांडणं होतात. पिंगळी स्टेशनापासून दोन कोसांवरच्या त्या गावात सोंगट्यांच्या पटावरून बावीस वर्षं एकही भांडण झालं नाही, याचं सगळं श्रेय पंच दत्तराव यांना द्यावं लागेल.

पट सहा कवड्यांवर चालतो. कवडी उताणी पडली की कुणालाही दिसते, पालथी पडली तरी दिसते. अडचण येते ती कलत्या कवडीची. पटाच्या घडीला टेकून अर्धवट राहिलेल्या कवडीची. तिला पारखी नजर लागते. दत्तरावांनी बावीस वर्षांत अशा तीनशे चाळीस कवड्यांचा फैसला केला आणि त्यातल्या तीनशे एकतीस सरपंच व्यंकटरावांच्या सोयीच्या निघाल्या. (उरलेल्या नऊ वेळा व्यंकटराव परभणीला गेलेले होते.) यात लबाडी नव्हती. दत्तराव आधी कवडीकडे बघत, मग व्यंकटरावांकडे बघत आणि त्यांना ती मनापासून तशीच दिसे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावाला एक हापसा मंजूर झाला. जागा दोन होत्या. एक मारुतीपुढची, जिथे दोन विहिरींपैकी एक आटून दुसरीत फक्त पुरेसं पाणी उरलं होतं. दुसरी बौद्ध वस्तीची, जिथून बाया दीड मैल चालून नदीत झरा उकरत. मारुतीपुढच्या विहिरीवर वस्तीनं येऊ नये असा काही नियम नव्हता. फक्त कुणी येत नव्हतं.

ग्रामसभेत हात वर झाले. मतं दत्तरावांनी मोजली, पण वस्तीवरचे तात्याराव मास्तर शेजारी उभं राहून मोजत असल्यामुळे ती सारखी भरली.

"पट मांडू," व्यंकटराव म्हणाले. "कवडीला जातपात कळत न्हाई."

"कवडीला कळत न्हाई, खरंय," तात्याराव म्हणाले. "पण मग नियम कागदावर पायजेत. सगळ्यांच्या सह्या घेऊन."

दत्तरावांना हे लागलं. बावीस वर्षं नजरेनं चाललेल्या कामावर कागद ठेवायचा, म्हणजे चालत्या माणसाच्या हातात कुबडी देण्यासारखं. तरी त्यांनी सही केली. ग्रामसेवक रंगनाथ यांनी एकोणीस नियम टंकून आणले. सातवा असा : 'कवडी कलती पडल्यास दान धरू नये, पुन्हा टाकावे.' अठरावा असा : 'हापसा जिंकणाऱ्याच्या बाजूस बसविण्यात येईल.' आणि एकोणिसावा, जो दत्तरावांनी आग्रहानं घालायला लावला : 'नियमांचा अर्थ पंच सांगतील.'

वस्तीकडून सरजाबाई खेळायला आल्या. साठीच्या बाई, कवड्या स्वतःच्या, चंचीत बांधलेल्या.

"बाईमाणूस पटावर कसं बसंल?" दत्तरावांनी विचारलं.

तात्यारावांनी तिसरा नियम वाचला. 'खेळणारा गावचा रहिवासी असावा.' सरजाबाई त्या गावात व्यंकटरावांच्या आधी जन्मल्या होत्या.

पट शाळेपुढच्या मैदानात मांडला. दुपारी कडुलिंबाची सावली वस्तीच्या अंगाला पडते, म्हणून दत्तरावांनी व्यंकटरावांना तिकडे बसवलं. सरजाबाईंना मारुतीच्या अंगाला, उन्हात बसवलं. आजवर दोघं एका पटावर कधी बसलेले नव्हते. आपापल्या कवड्या आपापल्या हातात ठेवायच्या, हे मात्र कागदात लिहावं लागलं नाही.

चार वाजेपर्यंत दोघांची एकेक सोंगटी उरली. व्यंकटरावांना चार हवे होते. तीन कवड्या उताण्या पडल्या, दोन पालथ्या, एक घडीला टेकली. दत्तरावांनी कवडीकडे बघितलं, व्यंकटरावांकडे बघितलं.

"उताणी. चार."

"नियम सात," तात्याराव म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही.

दत्तरावांनी पुन्हा बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ती कवडी नुसती कलती दिसली. व्यंकटरावांनी पुन्हा टाकल्या. दोन पडले. मग सरजाबाईंनी टाकल्या. तीन हवे होते, तीन पडले. सहाच्या सहा कवड्या सपाट, डोळे मिटूनही मोजता याव्यात अशा.

कागदाच्या भरवशावर घागरी घेऊन यावं इतक्या वस्तीतल्या बाया भाबड्या नव्हत्या. त्या नुसत्या हसल्या.

व्यंकटराव दत्तरावांकडे बघत राहिले. दत्तरावांनी कागद मागून घेतला, चष्मा पुसला आणि अठरावा नियम तीनदा वाचला.

"जिंकणाऱ्याच्या बाजूस," ते म्हणाले. "सरजी कोन्या बाजूला बसली हाय?"

सगळ्यांनी बघितलं. सरजाबाई मारुतीच्या बाजूला बसल्या होत्या.

"मग मारुतीपुढं. मी माज्या मनाचं काई सांगायलो न्हाई. लिवलंय तेच वाचायलोय."

तात्याराव म्हणाले, "तिथं तुमीच बसवलंय त्यांना."

"बसवलं. पर उठू नका असं थोडंच म्हनलं व्हतं?"

सरजाबाईंनी कवड्या चंचीत भरल्या. "दत्तराव," त्या म्हणाल्या, "आमी जिंकलो ते तरी लिवून ठिवा."

आजवर त्या दत्तरावांना मालक म्हणत आल्या होत्या. दत्तरावांना रात्री जेवण गेलं नाही ते तेवढ्यामुळे. फैसल्याबद्दल त्यांचं मन स्वच्छ होतं.

तात्यारावांनी परभणीला अर्ज दिला. अर्जाला आवक क्रमांक मिळाला. दत्तरावांनी त्यांना पारावर गाठून समजावलंही : विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन नऊ वर्षं झाली, पाटी अजून जुनीच आहे, लेखी गोष्टीला घाई नसते, मास्तर. तात्यारावांनी घरी जाऊन दुसरा अर्ज लिहिला.

हापसा मारुतीपुढे बसला. पाणी गोड लागलं. वस्तीनं तिथे येऊ नये असा कुठेही नियम नाही.

ही हकीकत ऐकणारा प्रत्येक भला माणूस क्षणभर हळहळतो आणि म्हणतो, मास्तरांनी 'बाजूस' हा शब्द घालू द्यायला नको होता, तिथे 'वस्तीत' असं स्पष्ट लिहून घ्यायला हवं होतं. गावातल्या भल्या माणसांचंही अगदी हेच म्हणणं पडलं. तुमच्याही मनात आत्ता तेच आलं असेल, तर दत्तरावांना तुम्हाला भेटून आनंद होईल. त्यांचं वय झालं आहे आणि गावाला नवा पंच हवा आहे.